१५ मीटरवरचा सेन्सर चार वर्षं हललाच नाही, मग पर्माफ्रॉस्ट ‘स्थिर’ म्हणायचा का?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. पर्माफ्रॉस्टमधे, म्हणजे वर्षानुवर्षं गोठलेल्या जमिनीत, १५ मीटर खोल बोअरहोल आहे, त्यात अर्धा, १, २, ३, ५, ७, १० आणि १५ मीटरवर थर्मिस्टर (तापमान मोजणारे छोटे सेन्सर) बसवलेत, चार वर्षांचा डेटा हातात आहे. शेजारच्या वेदर स्टेशनवर हवेचं तापमान वाढताना दिसतंय, पण खालच्या दोन सेन्सरच्या रेषा मायनस ०.२ ते मायनस ०.३ अंशांमधे अशा आडव्या पडल्यात की जणू झोपल्याच. तुमचे गाइड म्हणतायत की ‘पर्माफ्रॉस्ट स्थिर’ असं लिहा आणि पुढच्या चॅप्टरला लागा. तुम्हाला ते पटत नाहीये, आणि तुम्ही तीन शक्यता विचारल्यात: सेन्सर गेलाय, चार वर्षं कमी पडतायत, किंवा खरंच सगळं ठीक आहे.

माझ्या मते चौथी शक्यता आहे आणि बहुतेक तीच खरी असणार. जमीन उष्णता खातेय, पण तापमानात ती दाखवत नाहीये. कुठेतरी पाणी मुरतंय म्हणतात ना, इथे ते अगदी शब्दशः. त्यामुळे ‘स्थिर’ हा शब्द मी तरी लिहिणार नाही, निदान नुसत्या या दोन रेषांच्या जोरावर नाही.

आता हे छातीठोकपणे का सांगत नाहीये तेही ऐका. तुमच्या साइटवर खाली काय आहे त्यावर बरंच अवलंबून आहे. खडक असेल, ज्यात फटींमधे जेमतेम बर्फ आहे, तर माझं अर्धं उत्तर लागू होत नाही. गाळाची बारीक माती असेल आणि तिच्यात भरपूर बर्फ असेल तर पूर्ण लागू होतं. कधीकाळी समुद्राखाली असलेली खारट चिकणमाती असेल तर मायनस १ लाही त्यात बरंचसं पाणी न गोठलेलं असू शकतं, म्हणजे कागदावर पर्माफ्रॉस्ट आणि हातात घेतली तर लगदा. ड्रिलिंगच्या वेळचा लॉग, म्हणजे कुठल्या खोलीवर काय लागलं त्याची नोंद, कोणाकडे तरी असेलच, तो शोधा. ग्राफ काढण्याआधी मी नेहमी तो कागद मागतो आणि दर दोन साइटमागे एका ठिकाणी तो कुठेतरी कपाटात धूळ खात पडलेला असतो.

एक शब्दांचं सांगतो, कारण मराठीत लिहिताना याचा फार घोळ होतो. आपण आइस आणि स्नो दोन्हींना बर्फच म्हणतो. मी इथे जमिनीतल्या घट्ट गोठलेल्या पाण्याला बर्फ म्हणतोय आणि वरून पडणाऱ्या भुसभुशीत थराला स्नो, कारण या विषयात दोघांची कामं अगदी उलट आहेत. आणि पर्माफ्रॉस्ट म्हणजे बर्फ नव्हे, हेही परत एकदा. सलग दोन वर्षं किंवा जास्त काळ शून्य अंशाच्या वर न गेलेली जमीन म्हणजे पर्माफ्रॉस्ट, मग ती माती असो, खडक असो, कोरडी असो की ओली. व्याख्या फक्त तापमानाची आहे, बर्फाचा त्यात उल्लेखही नाही. खरी मेख इथेच आहे. व्याख्या तापमानावर, मॉनिटरिंग तापमानाचं, आणि आपल्याला काळजी कशाची तर बर्फाची, कारण बर्फ गेला की जमीन खचते, रस्ता वाकतो, पाइपलाइनचे खांब हलतात.

आता हिशोब करून बघू. एक घनमीटर गोठलेली माती घ्या, त्यात तीस टक्के जागा बर्फाची धरा. म्हणजे साधारण २७५ किलो बर्फ झाला. बर्फ वितळवायला किलोमागे ३३४ किलोज्यूल लागतात, म्हणजे हा सगळा वितळवायला ९२ मेगाज्यूलच्या आसपास. आणि तीच माती काही न वितळवता नुसती एक अंशाने तापवायची असेल तर? दोनेक मेगाज्यूल पुरतात. पंचेचाळीस पट फरक आहे. म्हणजे जितक्या उष्णतेने मायनस ८ ची थंड जमीन मायनस ७ वर आली असती आणि तुमच्या ग्राफवर ठसठशीत चढ दिसला असता, तितकीच उष्णता मायनस ०.२ च्या जमिनीत गेली तर दोन-अडीच टक्के बर्फ वितळतो आणि रेषा जागची हलतही नाही. बर्फ घातलेल्या ग्लासात थर्मामीटर ठेवला तर शेवटचा खडा विरघळेपर्यंत तो शून्याच्या आसपासच घुटमळतो, तसंच हे, फक्त ग्लासऐवजी पंधरा मीटर जमीन आणि तासाभराऐवजी दहा-वीस वर्षं.

आणि हे वितळणं बरोब्बर शून्यालाच सुरू होतं असंही नाही. बारीक मातीत कणांना चिकटलेला पाण्याचा पातळ थर असतो, तो शून्याखालीही गोठत नाही, थोडा क्षार असेल तर अजूनच नाही. त्यामुळे मायनस १ पासून शून्यापर्यंत येताना दर दशांशाला थोडा थोडा बर्फ पाण्यात जातच असतो, आणि शून्याच्या जितकं जवळ तितकं जास्त. तुमचा मायनस ०.२ म्हणजे वितळायला सुरुवात व्हायची आहे असं नसून सुरुवात होऊन बराच वेळ झालाय असंही असू शकतं.

मोठ्या स्केलवरही हेच दिसतं. जगभरच्या बोअरहोलचा डेटा ग्लोबल टेरेस्ट्रियल नेटवर्क फॉर पर्माफ्रॉस्टमधे गोळा होतो, जीटीएन-पी म्हणतात, १९९९ ला सुरू झालं. त्याच्यावर आधारलेला एक अभ्यास २०१९ मधे आला, २००७ ते २०१६ या काळाचा. सगळं मिळून पर्माफ्रॉस्ट सरासरी ०.२९ अंशाने तापलेला निघाला. पण आतली फोड बघा: जिथे पर्माफ्रॉस्ट सलग आणि थंड आहे तिथे ०.३९, आणि जिथे तो तुटक तुटक आणि शून्याच्या जवळ आहे तिथे ०.२०. नवखा माणूस वाचून म्हणेल की थंड भागाला जास्त धोका आहे आणि गरम भाग टिकून आहे. थोडाफार फरक हवेचं तापमान कुठे किती वाढलं यामुळेही आहे, ते खरं, पण गरम भागात आकडा कमी दिसण्यामागे ही वितळण्याची भूक मोठं कारण आहे. जिथे आकडा लहान तिथे बर्फ आधी संपणार, असा उलटा मामला आहे.

तुमच्या गाइडना हे माहीत नसेल असं मी म्हणत नाही. पण ‘बदल नाही’ आणि ‘बदल दिसत नाही’ यात रिपोर्ट लिहिताना लोक फार सहज गल्लत करतात, मीही केलीय.

बरं, एवढं सगळं बोललो पण त्याआधी सेन्सरचं बघायला हवं, तुमचा पहिला संशय अगदी रास्त आहे. आम्ही वापरतो त्या प्रकारच्या थर्मिस्टरचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, शून्य अंशाला साधारण ७,३५० ओहम असतो आणि तापमान वाढलं की तो कमी होतो, अंशामागे पावणेचारशे ओहमच्या आसपास. म्हणजे ०.०१ अंश म्हणजे चारेक ओहम. यातून दोन गोष्टी निघतात ज्या कोणी नीट सांगत नाही. कनेक्टर गंजला, तारेचा जोड सैल झाला, तर रेझिस्टन्स वाढतो आणि सेन्सर खोटा थंडावा दाखवतो. उलट केबलच्या जोडात ओल शिरली तर विजेला चोरवाट मिळते, रेझिस्टन्स कमी दिसतो आणि सेन्सर खोटी गरमी दाखवतो. ही चोरवाट दहा लाख ओहमची असली, म्हणजे मल्टीमीटरवर बघून कोणीही म्हणेल की इन्सुलेशन मस्त आहे, तरी शून्याजवळ साधारण ०.१४ अंशाची चूक येते. आता विचार करा, दहा वर्षांत ०.२ शोधतोय आपण.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. एका साइटवर ५ मीटरचा सेन्सर तीन उन्हाळ्यांत हळूहळू ०.१५ ने वर चढला. वरचा ३ मीटरचा आणि खालचा ७ चा जागच्या जागी. मी मोठ्या उत्साहात कारणं शोधली, बाजूने पाणी वाहतंय, मधे वाळूचा थर आहे, एक स्केचही काढलं होतं, आणि रिपोर्टचा तो परिच्छेद लिहून तयार होता. मग एका सहकाऱ्याने विचारलं, केबल शेवटची बाहेर कधी काढली होती? काढली. त्या सेन्सरच्या जोडावर जो रेझिनचा गोळा असतो त्याला केसाएवढी चीर होती, नखाने दाबलं तर पाण्याचा थेंब आला. परिच्छेद डिलीट केला. तेव्हापासून ताकही फुंकून पितो.

म्हणून दोन वर्षांतून एकदा तरी केबल बाहेर काढून आइस बाथ करा. मोठा थर्मास, डिस्टिल्ड वॉटरचा बारीक ठेचलेला बर्फ, त्याच पाण्याने भिजवून दाट चिखलासारखा करायचा, नुसते खडे तरंगतायत असं नको. केबलची गुंडाळी आत घालून ढवळत राहायचं, आणि अर्ध्या तासाने प्रत्येक सेन्सर शून्याला काय वाचतोय ते लिहून ठेवायचं. तुमचं अख्खं तापमान शून्याच्या आजूबाजूलाच आहे, त्यामुळे एका पॉइंटची ही तपासणी तुम्हाला जवळजवळ पूर्ण पुरते, मायनस १५ वाल्यांना ती सोय नाही. केबल मातीत कायमची गाडलेली असेल आणि निघतच नसेल तर मग शेजारच्या सेन्सरशी ताळा घेणं एवढंच हातात उरतं. एकच सेन्सर वेगळा वागला तर आधी सेन्सरवर संशय घ्या, जमिनीवर नंतर.

तुमच्या केसमधे १० आणि १५ दोन्ही एकसारखे आडवे आहेत, म्हणून मला बिघाड वाटत नाही. बिघडलेले सेन्सर इतक्या शिस्तीत क्वचितच वागतात.

बोअरहोलचं वय किती हे तुम्ही लिहिलं नाहीये, ते महत्त्वाचं आहे. ड्रिलिंगची उष्णता भोकाच्या भोवती राहते. थंड जमिनीत ती काही महिन्यांत निघून जाते, पण शून्याजवळच्या जमिनीत ड्रिलिंगने आजूबाजूचा बर्फ थोडा वितळवला असेल तर तो परत गोठताना उष्णता सोडत राहतो आणि सेन्सर शून्याला चिकटून बसतो. म्हणजे रेषा आडवी असण्याचं हेही एक कारण. पहिल्या वर्षाचा डेटा मी ग्राफवर राखाडी रंगात दाखवतो, ट्रेंडमधे घेत नाही. आणि पाइप रिकामा ठेवलाय की आत सिलिकॉन ऑइल वगैरे आहे? रुंद रिकाम्या पाइपमधे हिवाळ्यात वरची थंड जड हवा खाली उतरते आणि जमिनीच्या आधी तीच तुम्हाला ऐकू येते.

अजून एक, पटकन सांगतो. पाइप जमिनीवर किती सेंटीमीटर बाहेर दिसतोय ते दर भेटीला मोजा. जमीन गोठताना फुगते आणि पाइपला वर खेचते, किंवा बर्फ वितळून जमीनच खाली बसते आणि पाइप तसाच उभा राहतो. दोन्हीत बाहेर दिसणारा भाग वाढतो पण अर्थ वेगळा. पहिल्यात सेन्सर खरंच वर सरकलेत. दुसऱ्यात सेन्सर तिथेच आहेत, पण ‘१ मीटर’ लिहिलेला आता पृष्ठभागापासून ८० सेंटीमीटरवर आलाय, आणि मग तो गरम झाला याचं नवल ते काय. हे ओळखायला जवळ एखादा पक्का संदर्भबिंदू लागतो, खडकात ठोकलेला बोल्ट किंवा खोलवर रोवलेला रॉड.

आता मुख्य मुद्दा, तुमची बातमी कुठे आहे. ती १५ मीटरवर नाहीच, ती १ ते ५ मीटरमधे आहे.

तुमच्या २ आणि ३ मीटरच्या रेषा उघडा आणि शरद ऋतू ते वसंत एवढाच तुकडा मोठा करून बघा (साइट उत्तर गोलार्धात आहे असं धरतोय, म्हणजे सप्टेंबर ते मे). वरचा जो थर दर उन्हाळ्यात वितळतो आणि हिवाळ्यात परत गोठतो त्याला ऍक्टिव्ह लेयर म्हणतात. तो गोठायला लागला की रेषा वरून खाली येते, शून्यावर टेकते, आणि तिथे आठवडेच्या आठवडे सपाट राहते. बाहेर मायनस २५ असेना का, हिला पत्ता नाही, कारण पाणी गोठताना उष्णता सोडतंय आणि ती आधी संपायला हवी. याला झिरो कर्टन म्हणतात. मग एक दिवस पाणी संपतं आणि रेषा कड्यावरून दगड सुटावा तशी खाली जाते. तो दिवस दर वर्षीचा लिहून काढा. पहिल्या वर्षी समजा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात होता, दुसऱ्या वर्षी नाताळाच्या सुमारास, तिसऱ्या वर्षी जानेवारीच्या शेवटी, तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं. खालची रेषा हलली नाही तरी वरून थंडी पोचायला दर वर्षी कमी वेळ उरतोय.

आणि चौथ्या वर्षी ती पडलीच नाही, शून्यावरूनच पुढच्या उन्हाळ्यात गेली, तर त्याला तालिक म्हणतात. ऍक्टिव्ह लेयर आणि पर्माफ्रॉस्ट यांच्यामधे वर्षभर न गोठणारा थर. तो एकदा झाला की हिवाळ्याची थंडी खाली पोचतच नाही, वरून उष्णता मात्र मिळत राहते. अलास्काच्या आतल्या भागात २०१८ च्या हिवाळ्यात स्नो जास्त पडला आणि बऱ्याच साइटवर असे तालिक सुरू झालेले दिसले. तिथेही खोलवरचे आकडे बघून कोणाला शंका आली नसती.

त्याबरोबर २ आणि ३ मीटरचं हिवाळ्यातलं सगळ्यात कमी तापमान दर वर्षी किती होतं तेही काढा. उन्हाळ्यातलं कमाल नको, किमान काढा. शून्याजवळच्या पर्माफ्रॉस्टमधे कमाल तर शून्याला अडकलेलंच असतं, किमान मात्र मोकळं असतं आणि बदल आधी तिथेच दिसतो. मायनस १.५ वरून मायनस ०.६ वर आलं असेल तर मी त्या साइटला स्थिर म्हणणार नाही, खाली काहीही असो.

इथे स्नोचं मधे येतं आणि ते आल्याशिवाय राहत नाही. स्नो म्हणजे जमिनीवर टाकलेली रजई. लवकर आणि जाड पडला तर जमिनीतली उन्हाळ्याची ऊब आतच अडकते. उशिरा किंवा कमी पडला तर जमीन उघडी राहते आणि कडाक्याने थंड होते, हवेचं सरासरी तापमान दोन्ही वर्षी सारखं असलं तरी. स्वित्झर्लंडचं पर्माफ्रॉस्ट मोजणारं पर्मोस नावाचं नेटवर्क आहे, २००० पासून चालू, त्यांच्याकडे २०१६-१७ च्या हिवाळ्यात सुरुवातीला स्नो फार कमी होता आणि आल्प्समधल्या बऱ्याच बोअरहोलमधे वाढ थांबून उलट थंडावा दिसला. काही काळापुरता, मग परत चढ. त्याच वर्षी कोणी चार वर्षांचा डेटा घेऊन बसला असता तर ‘पर्माफ्रॉस्ट सावरतोय’ असा निष्कर्ष काढून मोकळा झाला असता. म्हणून हवेच्या तापमानाशेजारी स्नोच्या जाडीची रेषा नसेल तर मला तो ग्राफ अर्धाच वाटतो. वेदर स्टेशनवर स्नो मोजत नसतील तर एक साधा टाइम-लॅप्स कॅमेरा आणि रंगवलेली काठी, एवढ्यावर काम भागतं. काठीवर पक्षी बसून कॅमेऱ्याकडे बघतात तो बोनस.

आता तुमचा दुसरा प्रश्न, चार वर्षं पुरतात का. खोलीवर अवलंबून आहे. वर्षाची जी गरम-थंड लाट पृष्ठभागावरून खाली उतरते ती दर तीनेक मीटरला जवळपास एकतृतीयांश होत जाते आणि उशिराही होत जाते. साधारण १० मीटरवर ती सहा महिने मागे असते, म्हणजे तिथला सर्वात गरम दिवस ऐन हिवाळ्यात येतो, आणि लाट पृष्ठभागाच्या चार टक्के उरते. १५-२० मीटरवर ती ०.१ अंशाच्याही आत जाते, त्या खोलीला झिरो ऍन्युअल ऍम्प्लिट्यूड म्हणतात आणि ट्रेंडसाठी जगभर तिथलाच आकडा तुलनेला घेतात. तिथे वर्षातून एकदा नीट मोजलं तरी चालतं. पूर्वी लोक तसंच करायचे, उन्हाळ्यात एकदा जायचं, केबल सोडायची, आकडे वहीत लिहायचे, आणि ते आकडे आजही उपयोगी पडतायत. तुमच्यासारख्या गरम, बर्फाळ जमिनीत मात्र ही खोली बरीच वर असते, कधी पाच-सहा मीटरवरच, कारण वितळणं-गोठणं लाटेला वाटेतच खाऊन टाकतं. हेही तपासून बघा, तुमची ७ मीटरची रेषाही आडवी आहे का. असेल तर माझा संशय अजून पक्का.

खोल जमीन म्हणजे एक प्रकारची आठवण असते. अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर तेल शोधायला पाडलेल्या खोल विहिरींमधे तापमान मोजून लाखेनब्रुक आणि मार्शल यांनी १९८६ मधे दाखवलं होतं की तिथल्या पर्माफ्रॉस्टचा पृष्ठभाग आधीच्या काही दशकांपासून शतकभराच्या काळात २ ते ४ अंशांनी तापलाय. तेव्हा शंभर वर्षांचा डेटा कोणाकडेही नव्हता, प्रोफाइलचा, म्हणजे खोलीनुसार तापमानाच्या रेषेचा, वरचा भाग सरळ रेषेपासून किती वाकलाय त्यावरून त्यांनी ते काढलं. त्याच्याही आधी, सायबेरियातल्या याकुत्स्कमधे शेर्गिन नावाच्या व्यापाऱ्याने पाण्यासाठी विहीर खणायला घेतली, १८२८ ते १८३७, ११६ मीटर खाली गेला तरी जमीन गोठलेलीच. पाणी लागलं नाही पण १८४० च्या दशकात मिडेनडॉर्फ या निसर्गशास्त्रज्ञाने त्या विहिरीत थर्मामीटर लावून तापमानं घेतली आणि हा सगळा विषय तिथून पुढे सरकला. तुमचं १५ मीटरचं भोक त्या मानाने लहान आहे, जुन्या आठवणीसाठी ते पुरणार नाही. पण वर काय चाललंय ते सांगायला भरपूर आहे, आणि तुम्हाला तेच हवंय.

ट्रेंड म्हणून आकडा द्यायला मी दहा वर्षांखाली जात नाही, आणि तेव्हाही स्नोचा मुद्दा बाजूला लिहितो. चार वर्षांत ट्रेंड नाही, पण प्रक्रिया दाखवता येते, आणि गोठण्याची तारीख ही प्रक्रियाच आहे.

मग बर्फ खरंच कमी होतोय हे कसं दाखवायचं, कारण सेन्सर ते सांगणार नाही. सगळ्यात चांगला उपाय माझ्या अनुभवात इलेक्ट्रिकल रेझिस्टिव्हिटी टोमोग्राफी, म्हणजे ईआरटी, जमीन विजेला किती अडवते त्याचं चित्र. जमिनीत इलेक्ट्रोडची रांग लावायची, करंट सोडायचा. बर्फातून वीज नीट जात नाही, पाण्यातून जाते, त्यामुळे तापमान तेवढंच राहून रेझिस्टिव्हिटी वर्षागणिक उतरत गेली तर बर्फाचं पाणी होतंय. आल्प्समधे शिल्टहॉर्न नावाची साइट आहे, तिथे १९९९ पासून हे करतायत, आणि ती जागा अगदी तुमच्यासारखीच, शून्याला चिकटलेली. २००३ च्या उष्णतेच्या लाटेत तिथला ऍक्टिव्ह लेयर साधारण ५ मीटरवरून ९ च्या जवळ गेला आणि तापमानाच्या रेषेत जे दिसत नव्हतं ते रेझिस्टिव्हिटीच्या चित्रात दिसत होतं. दर वर्षी एकाच महिन्यात, त्याच खुंट्यांवर मोजायचं, नाहीतर तुलना फुकट. पहिल्या वर्षी खुंट्या कायमच्या ठोकून ठेवा.

ते जमत नसेल तर लोखंडी सळई. उन्हाळ्याच्या शेवटी सळई खुपसायची, कडक लागलं की खोली लिहायची. काल्म नावाचं नेटवर्क १९९१ पासून हेच करतंय, चौकोनात १२१ बिंदू. दिसायला गावठी वाटतं पण एका बोअरहोलपेक्षा १२१ बिंदू जागेचा फरक जास्त प्रामाणिकपणे दाखवतात. खडकाळ जमिनीत मात्र सळई दगडाला अडते आणि तुम्ही दगडाची खोली मोजत बसता. आणि जमीन बसत असेल तर सळई फसवते, कारण वितळलेला थर तेवढाच दिसतो पण पूर्ण जमीनच खाली गेलेली असते, म्हणून वर सांगितलेला पक्का बोल्ट इथेही लागतोच.

उपग्रहाबद्दल कोणीतरी विचारेलच म्हणून आधीच सांगतो. उपग्रह पृष्ठभागाचं तापमान बघतो, जमीन किती खचली तेही बऱ्यापैकी सांगतो, पण खालचं तापमान तो मोजत नाही. नकाशात जे दिसतं ते मॉडेलने काढलेलं असतं, आणि ते मॉडेल तपासायला शेवटी तुमच्यासारख्यांचं बोअरहोलच लागतं.

आता लॉगरचं, म्हणजे सेन्सरची रीडिंग नोंदवणाऱ्या यंत्राचं तेवढं, कारण चार वर्षांनी पाचवं येणारच. वरच्या सेन्सरला दर तासाचं रीडिंग असू द्या, खाली दिवसाला एक भरपूर झालं. अल्कलाइन सेल कडाक्यात मान टाकतात, लिथियम घाला. केबलचा जो भाग जमिनीवर उघडा आहे तो धातूच्या लवचिक पाइपात घाला, कोल्ह्यांना ती केबल का आवडते देव जाणे पण आवडते. आणि लॉगरचं घड्याळ प्रत्येक भेटीला तपासा, मी एकदा एक अख्खा हिवाळा महिनाभर पुढे सरकवून ठेवला होता.

रिपोर्टमधे मी असं लिहीन: “१० आणि १५ मीटरवरील तापमानात चार वर्षांत मोजण्याजोगा बदल नाही. हे तापमान वितळण्याच्या पट्ट्यात असल्याने त्यावरून बर्फाच्या प्रमाणाबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. २ आणि ३ मीटरवरील गोठण्याच्या तारखा आणि हिवाळ्यातील किमान तापमान पुढीलप्रमाणे.” आणि खाली तक्ता. गाइडना यात हरकत घेण्यासारखं काही नाही, त्यांचं पहिलं वाक्य तसंच राहतंय, फक्त ‘स्थिर’ गेला.

ते चार वर्षांचे २ आणि ३ मीटरचे गोठण्याचे दिवस आणि किमान तापमान काढून कळवा, सोबत ड्रिलिंग लॉगमधलं मातीचं वर्णन आणि बोअरहोल कधी पाडलं ते वर्ष. ३ मीटरची रेषा एखाद्या हिवाळ्यात शून्याखाली गेलीच नसेल तर ते आधी सांगा, मग बाकीचं.